मागच्या रांगेतल्या सहा वायरी

नाना, शाळेच्या संगणकखोलीतली ती जुनी वायर परवा मी काढून आणली. जेल रोडकडची ती शाळा, आपण दोघांनी दोन दिवस खपून जिथे चोवीस संगणक जोडले होते, तीच. आता तिथे मधली भिंत पाडून मोठा हॉल करताहेत. मुलांच्या हातात टॅब देणार आहेत, वायर कुणालाच नको आहे. शाळेच्या शिपायाने फोन केला, "ताई, तुमच्या हातचं जुनं काम हाय, येऊन काढून न्या, नायतर भंगारवाला ओढून नेईल." मी गेले. बाकीची सगळी वायर भंगारवाल्यालाच दिली, मागच्या रांगेच्या सहा तेवढ्या घेऊन आले. त्या वापरात नव्हत्याच. दुसऱ्या माणसाने त्यांच्या शेजारून नव्या ओढल्या होत्या आणि या भिंतीवरच्या जुन्या पट्टीच्या आत तशाच राहून गेल्या. प्रत्येकीला चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर माझ्या अक्षरातले मराठी आकडे, १९ पासून २४ पर्यंत. आता ती भेंडोळी ओट्यावर पडली आहेत. सहा वायरी, बारा टोकं. एकेक टोक खिडकीशी नेऊन बघितलं. पारदर्शक प्लगच्या आत आठही तारा अजून तशाच रंगीत आहेत, धूळसुद्धा आत गेलेली नाही. बाराच्या बारा ठिकाणी निळ्या तारेच्या जागी हिरवी आहे आणि हिरव्या तारेच्या जागी निळी. आणि बाराच्या बारा ठिकाणी प्लगच्या मागे वायरीच्या सालीवर उभी चीर आहे. तुम्ही ब्लेड गोल फिरवून साल काढायचात. उभी चीर देणारी मी. तेव्हा ही टोकं माझ्या हातची आहेत, तुमच्या नाहीत. तुम्ही गेलात ते ही चूक आपल्या डोळ्यांनी केली असं धरून गेलात. तसं नव्हतं, हे परवा कळलं, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली.

सुरुवात मेथीपासून करते. हे गेले त्याला तेव्हा चार महिने झाले होते. कावीळ झाली आणि अकरा दिवसांत सगळं संपलं, त्याबद्दल तुम्ही आणि मी कधी दोन वाक्यंही बोललो नाही. घरात तुम्ही, मी आणि तुमची नात, ती पाच वर्षांची. भेटायला येणारी माणसं कमी झाली होती. मी सकाळी ओट्यापाशी उभी राहायची ती दुपारपर्यंत उभीच असायची, काम असो नसो. त्या दिवशी मी खाली बसून मेथी निवडत होते. तुम्ही दारात उभे राहून किती वेळ बघत होतात मला माहीत नाही. मग म्हणालात, "सूनबाई, तुझी बोटं लय हलकी चालतात. एक पान फाटलं नाय." मला वाटलं, म्हातारा काहीतरी बोलायचं म्हणून बोलतोय. तुम्ही आतून वायरीचा हातभर तुकडा आणलात, मेथीच्या शेजारी वर्तमानपत्रावर ठेवलात आणि म्हणालात, "ही निवड." मी घेवड्याची शेंग सोलतात तशी नखाने उभी चीर पाडली आणि साल काढली. तुम्ही हसलात. हे गेल्यापासून तुमचं हसू मी पहिल्यांदा ऐकलं. "वायर हाय गं, घेवडा नाय," म्हणालात. ती सवय माझी कधी गेली नाही. गेली असती तर परवा ओळखू आलं नसतं.

तुम्ही टेलिफोन खात्यात जन्म काढला होता. रस्त्याच्या कडेला खड्ड्यात बसून शेकडो तारांचे जोड करायचे, वरून ताडपत्री, खाली चिखल, आणि नाशिक रोडपासून देवळाली कॅम्पपर्यंत कुणाचा फोन कुठून जातो ते तुम्हाला झोपेतही सांगता यायचं. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून दुकानांत, क्लासमध्ये, डॉक्टरांकडे संगणक एकमेकांना जोडून द्यायचं काम धरलंत. तेव्हा त्याचं फार अप्रूप होतं. मला वाटायचं, एका संगणकातून वायर निघते आणि दुसऱ्यात जाते, हातात हात धरून मुलं उभी राहतात तसं. तुम्ही म्हणालात, तसं आधी होतं. आधी एकच जाड काळी वायर सगळ्यांच्या पाठीमागून जायची, प्रत्येकाला एकेक जोड देऊन, आणि एकाचा जोड निघाला की पूर्ण रांग बंद पडायची. मग कुठला निघाला ते हुडकत सगळी टेबलं ओढायची. आता प्रत्येकाची वायर स्वतंत्र, ती थेट स्विचच्या पेटीत जाते, आणि पेटी ठरवते कुणाचं बोलणं कुणाकडे पाठवायचं. "एक्सचेंजच की, नाना," मी म्हणाले. तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "एक्सचेंजच! खात्यातल्या पोरांना दोन दिवस समजावलं तरी कळलं नव्हतं." मग पुढे सहज म्हणालात की या पद्धतीत एक बंद पडला तरी बाकीचे चालू राहतात, त्यांना पत्ताही लागत नाही. आणि म्हणून झाल्यावर वायरीचा तुकडा उचलून आत गेलात. मीही मेथीची देठं गोळा करायला लागले. त्या दिवशी भाजी करपली.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही मला बरोबर न्यायला लागलात. भाऊजी पंचवटीहून मुद्दाम आले होते, तुमचा धाकटा. चहा पिताना म्हणाले, "नाना, आता वहिनीला खांबावर चढवता का?" तुम्ही बशीतून नजर वर न काढता म्हणालात, "खांबावर मी चढलो, चाळीस वर्सं. ती खोलीत बसून वायरीची टोकं करणार हाय, प्लग बसवणार. तुला जमत असंल तर तू ये उद्यापासून." भाऊजी म्हणाले, "मला दुकान आहे." "मंग दुकान बघ," तुम्ही म्हणालात. जाताना ते दारात मला हळूच बोलले, "वहिनी, एक चूक झाली ना, की नानांचं नाव जाईल. तेवढं लक्षात ठेवा. मग मीच सांगेन त्यांना, बस झालं म्हणून." ते वाईट माणूस नव्हते. पण ते वाक्य मी कितीतरी वर्षं पदराला गाठ मारल्यासारखं घेऊन फिरले.

तुम्ही शिकवायचात ते सगळं जोड्यांचं. एका वायरीत आठ तारा, पण आठ म्हणायच्या नाहीत, चार जोड्या म्हणायच्या. नारिंगी आणि तिची पांढरी-नारिंगी, हिरवी आणि तिची पांढरी-हिरवी, तशीच निळी, तशीच तपकिरी. प्रत्येक जोडी आपापसात पिळलेली. मी विचारलं, पीळ कशाला, सरळ का नाही ठेवत. तुम्ही म्हणालात, दोन तारांतून एकच बोलणं जातं, एकीतून जातं आणि दुसरीतून परत येतं, आणि पीळ असला की बाहेरचा गोंगाट दोघींना सारखाच लागतो आणि सारखा लागला की कटून जातो. पीळ सुटला की शेजारच्या जोडीचं बोलणं हिच्यात शिरतं. म्हणून प्लगमध्ये घालताना जेवढं गरजेचं तेवढंच उलगडायचं, बोटाच्या अर्ध्या पेराइतकं. आणि दर वेळी, अगदी दर वेळी, एकच वाक्य. "जोडी फोडायची नाय, सूनबाई. बाकी काय बी चुकलं तर टेस्टर सांगतो. फुटलेली जोडी टेस्टरला दिसत नाय." मग रंगांचा क्रम म्हणून दाखवायला लावायचात, तव्यावर पोळी असतानासुद्धा. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. तुमच्या नातीलाही पाठ झाला होता. ती अंगणात लंगडी घालताना म्हणायची.

आता त्या शाळेचं. चोवीस संगणक, पुढे स्विचची पेटी, चार रांगा. आपल्याला मिळालेलं सगळ्यात मोठं काम. पहिल्या दिवशी पट्ट्या ठोकून वायरी ओढून झाल्या, दुसऱ्या दिवशी टोकं. तुमचे डोळे तेव्हा बिघडायला लागले होते. तुम्ही कबूल करत नव्हतात, पण निळी तार हातात घेऊन खिडकीकडे जायचात आणि परत यायचात. एकदा मला विचारलंत, "ही निळीच ना?" आणि लगेच म्हणालात, "तुझी परीक्षा घेतोय." मागच्या रांगेच्या वायरी सगळ्यात लांब, खोलीला वळसा घालून गेलेल्या. दुपारी डबा खाल्ल्यावर तुम्ही भिंतीला टेकून बसलात आणि तुमचा डोळा लागला. उठलात तेव्हा सगळी टोकं झालेली होती. कुणी कुठली केली याचा हिशोब आपण कधी ठेवतच नव्हतो. एका टोकाला टेस्टरचा अर्धा भाग लावून तुम्ही उभे, दुसऱ्या टोकाला मी, आणि एकेक तार पोचल्याचा दिवा लागला की मी आकडा म्हणायची. एक ते आठ, चोवीस वेळा. एकही चुकला नाही. मुख्याध्यापिका बाईंनी पेढा दिला. तुम्ही अर्धा खाल्लात आणि अर्धा नातीसाठी रुमालात बांधलात. येताना रिक्षात म्हणालात, "आज तो असता तर त्याला बोलावून दाखवलं असतं." 'तो' म्हणजे कोण ते मी विचारलं नाही. तुमच्या तोंडून हे गेल्यानंतर त्यांचा एवढाच उल्लेख मी ऐकला.

महिनाभराने शाळेत संगणकाची परीक्षा झाली. चोवीसही मुलं एकदम कामाला लागली आणि मागची रांग बसली. मुलांनी केलेलं काम पुढच्या मोठ्या संगणकात जाऊन साठायचं, ते जाईना. जायचं, अडकायचं, पुन्हा पहिल्यापासून. सहा मुली रडत बाहेर आल्या. आपल्याला बोलावणं आलं. तुम्ही टेस्टर लावलात, आठही दिवे लागले. दुसरी वायर, आठही दिवे. सहाही झाल्या. तुम्ही घाम पुसलात आणि पुन्हा पहिल्यापासून लावायला लागलात. बाई म्हणाल्या, "काका, दिवे लागतात हे मलाही दिसतंय. काम का होत नाही?" त्यांनी दुसऱ्या एका माणसालाही बोलावून ठेवलं होतं. चांगला चाळिशीचा, गळ्यात ओळखपत्र, सभ्य. त्याने कुठलंही यंत्र काढलं नाही. एक प्लग उपसला, उजेडात धरला आणि लगेच म्हणाला, "काका, हिरवीच्या जागी निळी गेली आहे आणि निळीच्या जागी हिरवी. दोन्ही टोकांना तसंच, म्हणून टेस्टर फसतो. जोडी फुटली आहे." मग दुसरा प्लग बघितला, तिसरा बघितला. "सहाच्या सहा. मोतीबिंदू आहे का तुम्हाला?"

तुम्ही टेस्टर काढून खिशात ठेवलात. माझ्याकडे बघितलंही नाहीत. मग म्हणालात, "हाय. दोन्ही डोळ्यांत." आणि बाईंकडे वळून, "बाई, चूक माझी हाय. निळं-हिरवं कळत नाय मला आताशा. सांगायला पायजे होतं. त्या लेकरांची परीक्षा वाया गेली." तुम्ही हात जोडलेत. चाळीस वर्षं ज्या हातांनी जोड केले ते हात, शाळेच्या खोलीत, फळ्यासमोर. मी तुमच्या शेजारी पिशवी घेऊन उभी होते. तो माणूस मला म्हणाला, "ताई, तुम्ही तरी लक्ष ठेवायचं ना." मी मान हलवली.

घरी आल्यावर तुम्ही क्रिम्पर पुसून कपाटावर ठेवलात. प्लगमध्ये तारा दाबून बसवायचं ते पक्कडीसारखं हत्यार, मुठीला तुम्ही लाल चिकटपट्टी गुंडाळलेली. त्यानंतर तुम्ही ते हातात घेतलं नाहीत. रोज दुपारी खिडकीत बसून तारांचे तुकडे डोळ्यांजवळ धरायचात आणि नातीला विचारायचात, "ही कुठली?" ती म्हणायची, "आजोबा, निळी." "आणि ही?" "ही पण निळीच." तुम्ही म्हणायचात, "बघ, मला ही हिरवी वाटली होती." तिला तो खेळ वाटायचा. मी ओट्यापाशी उभी राहून ऐकायची. पुढे ऑपरेशन झालं, दोन्ही डोळे स्वच्छ झाले, पेपरातली बारीक अक्षरं तुम्ही वाचायला लागलात. मी म्हटलं, "नाना, आता चला की बरोबर." तुम्ही म्हणालात, "डोळं परत आलं गं. भरवसा गेला." आणि कपाटावरचा क्रिम्पर काढून माझ्या हातात दिलात. "आता ह्याला तुझ्या हाताची सवय हाय." भाऊजी त्या दिवशी घरात होते. ते म्हणाले, "वहिनी, नानांनी चुकावं आणि तुम्ही सांभाळून घ्यावं, काय दिवस आले बघा." त्यांनी ते कौतुकाने म्हटलं होतं. त्यानंतर मी कामाला जाण्याबद्दल त्यांनी कधी तोंड उघडलं नाही.

त्या क्रिम्परच्या कमाईवर मी तुमच्या नातीला शिकवलं, नाना. देवळाली कॅम्पमधली दुकानं, नाशिक रोडच्या कॉलन्यांमधले क्लास, वकिलांच्या खोल्या, दोन पतसंस्था. लोक विचारायचे, बाई माणूस कसं काय या धंद्यात, आणि मी सांगायची, सासऱ्यांनी शिकवलं. मग कुणीतरी म्हणायचंच, "हां, ते टेलिफोनवाले नाना. चांगला माणूस. शेवटी डोळ्यांनी दगा दिला ना?" मी हो म्हणायची. किती जणांना हो म्हटलं असेल ते आता आठवतही नाही.

इथे एक गोष्ट दुरुस्त करायला हवी. वर मी लिहिलं की हे परवा कळलं. तसं अगदीच नाही. तुम्ही अजून होतात तेव्हाच मी शालिमारच्या फुटपाथवरून एक जुनं इंग्रजी पुस्तक आणलं होतं, संगणकांच्या जोडणीचं. माझं शिक्षण नववीपर्यंत. शब्दकोश मांडीवर घेऊन रोज एक पान वाचायची. मला वाचायची सवय लागली ती त्या पुस्तकाने, नंतर वाचनालयातलं काय काय वाचलं, पण पहिलं ते. त्यात प्लगचं चित्र होतं. चार जोड्या चार कंसांनी दाखवलेल्या. नारिंगी शेजारी शेजारी, तपकिरी शेजारी शेजारी, निळ्या दोघी मधोमध. आणि हिरवी जोडी मात्र त्या निळ्यांच्या अल्याड-पल्याड, एक तिसऱ्या जागी आणि एक सहाव्या. खाली लिहिलं होतं की नवशिके लोक जोडी मोडू नये म्हणून हिरव्या दोघींना शेजारी आणून बसवतात आणि तिथेच घोटाळा होतो. कारण पेटी तिसऱ्या आणि सहाव्या जागेला जोडी समजते. शेजारी बसवलं की तिसऱ्या जागी हिरव्यांमधली एक राहते आणि सहाव्या जागी निळी येते, ज्यांचा एकमेकींशी पीळच नाही. मी ते पान चार वेळा वाचलं. त्या माणसाला जे डोळ्यांचं काम वाटलं होतं ते डोळ्यांचं नव्हतंच. डोळ्यांनी चूक झाली असती तर एखाद-दुसऱ्या टोकाला झाली असती. बाराच्या बारा टोकांना सारखी चूक ही कुणीतरी विचार करून केलेली असते. हे तुम्हालाही सुचायला हवं होतं, नाना, तुम्ही जन्मभर बिघाड हुडकलेत. पण तुम्हाला स्वतःवर संशय घ्यायची इतकी घाई झाली होती की पुढचं तुम्ही बघितलंच नाही. पुस्तक मिटून मी डब्यांच्या मागे ठेवलं. मनाशी म्हटलं, कुणी कुठली टोकं केली ते आता कोण सांगणार.

शेवटच्या आजारात तुम्ही बरेचदा खड्ड्यांविषयी बोलायचात, कुठल्या चौकात कुठली केबल. एका सकाळी मी तुम्हाला पेज भरवत होते. ऊन पलंगावर आलं होतं. तुम्ही एकदम शुद्धीतल्या माणसासारखे म्हणालात, "सूनबाई, ती शाळा." मी म्हटलं, "कुठली शाळा?" तुम्ही म्हणालात, "सहाच्या सहा कशा गं चुकल्या? एक तरी बरोबर लागायला पायजे होती ना. चुकून तरी." मी चमचा वाटीत ठेवला. तुम्ही माझ्याकडे बघत होतात, नव्या स्वच्छ डोळ्यांनी. तेव्हा सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "कशाला आठवता ते, नाना. किती वर्षं झाली. गार होतेय पेज." तुम्ही तोंड उघडलंत, लहान मुलासारखं. त्यानंतर पाच दिवस तुम्ही होतात. तुम्ही परत विचारलं नाहीत.

काल संध्याकाळी तुमच्या नातीचा फोन आला, पुण्याहून. ती आता मोठ्या ऑफिसात आहे, तिच्या टेबलावर एकसुद्धा वायर नाही. तिला मी सगळं सांगितलं. म्हणजे वायरी आणल्या, टोकं बघितली, आणि चूक आजोबांची नव्हती, माझी होती. ती म्हणाली, "आई, आजोबांनी कधीच माफ केलं असतं तुला. एवढं काय त्यात? तुला क्रम लक्षात राहिला नसेल." मी म्हटलं, "तुला आठवतो?" ती हसली आणि तालात म्हणायला लागली, लंगडी घालायची तशी. आठही रंग बरोबर म्हणाली. मग म्हणाली, "चल, मीटिंग आहे," आणि फोन ठेवला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. तिच्यासाठी तो एक जुना बिघाड आहे, ज्या खोलीत होता ती खोलीही आता राहिली नाही. त्या मुख्याध्यापिका बाई गेल्या, भाऊजी गेले. ज्याला सांगून काही फरक पडला असता असा एकच माणूस होता, आणि त्याला मी पेज भरवली.

आणि क्रम माझ्या लक्षात होता, नाना. तेच लिहायचं राहिलं आहे. पुस्तक वाचून मला नवं काही कळलं नाही, परवाही नवं काही कळलं नाही. तुम्ही भिंतीला टेकून झोपला होतात आणि मी मागच्या रांगेची पहिली वायर हातात घेतली. आठ तारा सरळ करून क्रमाने धरल्या, तुम्ही शिकवल्या तशाच. आणि बघितलं की हिरवी आणि तिची जोडीदारीण यांच्यामध्ये निळ्या दोघी येऊन बसल्या आहेत. त्याआधी शंभर वेळा ते केलं होतं, पण त्या दिवशी दिसलं. मला ते बघवलं नाही. तुम्हीच म्हणायचात ना, जोडी फोडायची नाय. मला वाटलं, हा क्रम ज्याने कुणी ठरवला त्यानेच चूक केली आहे, आणि नानांनी इतकी वर्षं ती निमूट पाळली. मी हिरव्या दोघी शेजारी शेजारी आणल्या आणि दाबून टाकल्या. सहा वेळा, दोन्ही टोकांना. तुम्ही उठल्यावर सांगणार होते. तुम्ही खूश व्हाल असं वाटलं होतं. मग दिवे लागले, पेढा आला, आणि म्हटलं, रिक्षात सांगू. रिक्षात तुम्ही त्यांचं बोललात. तेव्हा राहून गेलं.

त्या माणसाने प्लग उजेडात धरला त्या क्षणी मला सगळं कळलं होतं. तुम्ही "चूक माझी हाय" म्हणालात तेव्हा मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मला त्या वेळी भाऊजींचं वाक्य आठवलं, आणि ओट्यापाशी उभं राहून काढलेल्या त्या दुपारी आठवल्या. लाज नंतर आली. सगळ्यात आधी सुटल्यासारखं वाटलं होतं.

पहिल्या पानावर 'परवा कळलं' असं लिहिलं आहे ते खोडायला हवं. खोडत नाही. हे कागद कुणाच्या हातात जायचे नाहीत, क्रिम्परच्या पिशवीत राहतील, आणि तुमची नात ती पिशवी एक दिवस न उघडता टाकून देईल. आज सकाळी त्या सहांपैकी एक वायर घेतली, २४ क्रमांकाची. दोन्ही टोकं कापली, ब्लेड गोल फिरवून साल काढली, रंग तुम्ही शिकवलेत तसे लावले आणि तुमच्या हत्याराने दाबले. जोडायला समोर काहीच नाही, तरी टेस्टर लावला. एकेक आकडा मोठ्याने म्हणत गेले. आठही दिवे लागले, नाना. तेव्हाही लागले होते.